फायटर थोडा, विझार्ड थोडा

मे महिन्यातली रविवारची दुपार. बाहेर पारा ४५ ला टेकलेला, आत कूलरची घरघर, टेबलावर तर्री-पोह्यांच्या रिकाम्या प्लेटा आणि त्यांच्या मधोमध वीस बाजूंचे फासे. धरमपेठेतल्या आमच्या घरी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' सुरू झालं तेच मुळी उन्हाळ्यामुळे. चार वाजेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही, मग करायचं काय? त्या दिवशी भाच्याचा फायटर तिसरी लेव्हल संपवून चौथीच्या दारात उभा होता. त्यानं कॅरेक्टर शीट माझ्याकडे सरकवली.

"मामा, पुढची लेव्हल मी विझार्डची घेतो."

शेजारी त्याचा मित्र बसला होता. आमच्या टोळीतला विझार्ड तोच. "काऊन बे, तलवार जड झाली का?"

"दोन्ही पाहिजे मले."

"मग माझं काय काम?"

मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा आणि भांडणं मिटवणारा. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो. हा खेळ ज्यांनी कधी खेळला नाही त्यांनाही यातली गंमत कळावी म्हणून त्या आठवड्यात मी वहीत जे गणित मांडलं, ते इथे सविस्तर देतो.

आधी दोन शब्द खेळाबद्दल. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं आणि पात्राला एक क्लास, म्हणजे पेशा असतो. फायटर हत्यार चालवतो, विझार्ड पोथी वाचून मंत्र शिकतो, क्लेरिक देवाच्या बळावर मंत्र टाकतो, रोग कुलूप उघडतो आणि पाठीत सुरा खुपसतो. अनुभवाचे गुण साठले की पात्र एक लेव्हल चढतं आणि पेशातली नवी विद्या मिळते. शेवटची लेव्हल २०. मल्टिक्लास म्हणजे चढायची ती लेव्हल जुन्या पेशात न घेता नव्या पेशात घ्यायची. फायटर ३ आणि विझार्ड २ असा माणूस एकूण पाचव्या लेव्हलचा.

नियम लिहिणाऱ्याला यात दोन भीती असतात. एक, दोन्ही पेशांतलं उत्तम ते एकाच पात्राच्या हाती लागेल आणि बाकीचे खेळाडू बघत बसतील. दुसरी, एक ना धड भाराभर चिंध्या. नवख्यांना पहिली भीती वाटते. माझा अनुभव असा की टेबलावर दुसरी जास्त वेळा खरी होते.

क्रिकेटमधल्या ऑलराउंडरची उपमा इथे फसवते. विदर्भाच्या हर्ष दुबेनं २०२४-२५ च्या रणजी हंगामात ६९ बळी घेतले, एका हंगामातला विक्रम केला, आणि खालच्या क्रमांकावर येऊन धावाही काढल्या. त्या धावांपायी त्याचे बळी कोणी कापून घेतले नाहीत. आमच्या खेळात मात्र वजाबाकी रोकडी होते. विझार्डची प्रत्येक लेव्हल ही फायटरची न मिळालेली लेव्हल असते.

तर भाच्याचं गणित. आम्ही २०१४ चे नियम वापरतो, म्हणजे पाचवी आवृत्ती. पाचव्या लेव्हलला दोन फायटर समोरासमोर ठेवू. पहिला सरळ फायटर ५. चौथ्या लेव्हलला त्याला ताकद वाढवायला मिळाली, १६ ची १८ झाली. पाचव्या लेव्हलला त्याला एका पाळीत दोन वार करता येऊ लागले. दुसरा भाच्याच्या मनातला, फायटर ३ विझार्ड २. त्याची ताकद १६ वरच अडकली, कारण ती वाढ एकाच पेशाच्या चौथ्या लेव्हलला मिळते, एकूण चौथ्या लेव्हलला नाही. वारही एकच.

दोघांच्या हातात दोन हातांची तलवार, समोर गॉब्लिन. गॉब्लिनचा बचाव १५. सरळ फायटर फाशावर पडलेल्या आकड्यात ७ मिळवतो, म्हणजे ८ किंवा जास्त पडलं की वार लागला. १०० पैकी ६५ वेळा. लागल्यावर सरासरी ११ इजा. दोन वारांची मिळून एका पाळीला १४.३. भाच्याचा माणूस ६ मिळवतो, ६० टक्के वेळा लागतो, सरासरी इजा १०, वार एक. हिशेब ६ वर थांबला. निम्म्याहूनही कमी.

आता त्याची विझार्डकी मोजू. दुसऱ्या लेव्हलच्या विझार्डला दिवसाला पहिल्या प्रतीचे तीन स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या तीन संधी असतात, आणि दुपारी घटकाभर टेकला तर एक परत मिळतो. त्यात मॅजिक मिसाइल टाकलं तर सरासरी १०.५ इजा, आणि ते चुकत नाही. म्हणजे दिवसातून चार पाळ्या तो सरळ फायटरच्या जवळपास पोचतो, बाकी सगळ्या पाळ्या अर्ध्या बळावर. आणि विझार्ड म्हणून? त्याच्या शेजारी बसलेला मित्र पाचव्या लेव्हलला फायरबॉल टाकतो, आठ सहाबाजूचे फासे, सरासरी २८, तेही खोलीभर पसरलेल्या सगळ्यांना एकदम. भाच्याचा फायटर फायटरपेक्षा उणा आणि विझार्ड विझार्डपेक्षा उणा.

पाचव्या आवृत्तीत पाचवी लेव्हल हा असा चढ आहे. हत्यारवाल्यांना दुसरा वार, मंत्रवाल्यांना तिसऱ्या प्रतीचे मंत्र, सगळं तिथेच. त्या चढाच्या पायथ्याशी जो दुसऱ्या वाटेला वळला तो टोळीच्या मागे पडतो. मल्टिक्लासची किंमत मी तेव्हापासून ताकदीत मोजायची सोडून दिली आणि उशिरात मोजायला लागलो. कोणती विद्या किती रविवार लांबणीवर पडली, एवढंच पाहायचं.

पण मग सगळेच मल्टिक्लास तोट्याचे असायला हवेत. तसं नाही, आणि इथेच विषय रंगतो. भाच्याचं उलटं करून पाहा. एकच लेव्हल फायटरची, सुरुवातीलाच, आणि मग आयुष्यभर विझार्ड. विझार्डच्या अंगावर चिलखत नसतं. चपळाई बरी असेल तर बचाव १२, म्हणजे गॉब्लिनचा बाण १०० पैकी ६५ वेळा लागणार. मेज आर्मर नावाचा मंत्र खर्च केला तर ५० वेळा. फायटरची एक लेव्हल घेऊन आलेला विझार्ड साखळ्यांचं चिलखत घालतो, डाव्या हातात ढाल धरतो आणि १८ वर जातो; बाण ३५ वेळा लागतो. त्यावर ऐनवेळी शील्डचा मंत्र म्हटला की २३, आणि बाण १०० पैकी १० वेळा. शिवाय पहिलीच लेव्हल फायटरची असल्यामुळे पहिले प्राण १० पासून मोजले जातात, ६ पासून नाही. वार बसल्यावरही मंत्रावरचं लक्ष टिकवून धरायला जो काटकपणा लागतो, तोही फायटरकडून आलेला. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी विझार्ड आणि मग फायटर, तर जड चिलखत मिळत नाही आणि तो काटकपणाही नाही. दुसरा पेशा घेताना त्याची अर्धीच शिदोरी मिळते, हा पुस्तकातला नियम बरेच जण वाचतच नाहीत.

एवढ्या सगळ्याची किंमत काय? एक लेव्हल उशीर. फायरबॉल पाचव्याऐवजी सहाव्या लेव्हलला. गुणांत पाहिलं तर ६५०० वर मिळणारी गोष्ट १४००० वर. आमच्या टेबलावर हे साधारण चार रविवार होतात. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. खेळणाऱ्यांच्या भाषेत याला 'डिप' म्हणतात, पाव चहात बुडवून काढल्यासारखं.

डिप का फायद्याचा ठरतो याचं कारण पेशांच्या बांधणीत आहे. नवखा खेळाडू पहिल्याच दिवशी फायटर वाटला पाहिजे, म्हणून लेखक पहिल्या दोन-तीन लेव्हलमध्ये पेशाचा गाभा भरून टाकतात. पुढच्या लेव्हल पातळ होत जातात. बाहेरून आलेल्याला तो घट्ट भाग स्वस्तात मिळतो.

या दुखण्यावर पन्नास वर्षं औषधं चालू आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा मूळ खेळ १९७४ चा. त्यात पेशे तीनच, आणि तलवार व मंत्र दोन्ही चालवायची मुभा एल्फला. पुढे 'अ‍ॅडव्हान्स्ड' खेळात एक चतुर युक्ती आली. एल्फ, बुटके वगैरे मंडळी एकाच वेळी दोन पेशे चालवत आणि मिळालेले गुण दोघांत समान वाटत. अर्धे अर्धे म्हणजे अर्धी ताकद असं वाटेल, पण तेव्हा लेव्हलचा तक्ता दुपटीनं वाढत होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत फायटरला २०००, ४०००, ८०००, १६०००, ३२००० अशा पायऱ्या. ४०००० गुणांवर एकपेशी फायटर सहाव्या लेव्हलला असे. त्याच गुणांत एल्फ २०००० इकडे आणि २०००० तिकडे टाकून फायटर ५ विझार्ड ५! एका लेव्हलच्या मोबदल्यात अख्खा दुसरा पेशा. दुपटीच्या तक्त्यात अर्धं म्हणजे फक्त एक पायरी खाली, हे गणित दहावीच्या पोराला कळेल.

मग ते इतकं स्वस्त ठेवलं कशाच्या भरवशावर? वर छप्पर घातलं होतं. एल्फ फायटर बाराव्या लेव्हलला थांबे, माणसाला अशी हद्द नव्हती. शिवाय ५००००० च्या पुढे तक्ता दुपटीचा राहत नसे, तिथे वाटणी खरोखर बोचू लागे. कागदावर तोल बरोबर होता. पण बाराव्या लेव्हलपर्यंत खेळतं कोण? नोकऱ्या लागतात, लग्नं होतात, एक जण पुण्याला जातो. जी किंमत आठ वर्षांनी द्यायची ती कोणी किंमत धरतच नाही.

माणसांसाठी वेगळाच जाच होता, त्याला ड्युअल-क्लास म्हणत. जुना पेशा सोडून नवा धरायचा, आणि नव्या पेशाची लेव्हल जुन्याच्या वर जाईपर्यंत जुनी विद्या वापरायची नाही. वापरली तर त्या लढतीचे गुण शून्य. जुन्या पेशाचा मुख्य गुण १५ आणि नव्याचा १७ हवा, ही अट वेगळीच. हातात तलवार असून सहा महिने ती उपसायची नाही, हे खेळून बघितलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

२००० साली तिसऱ्या आवृत्तीनं ही सगळी जळमटं झाडली. कोणीही, केव्हाही, जवळपास कोणत्याही पेशाची लेव्हल घ्या. तक्ता सगळ्यांना एकच. मोकळं वाटलं आणि लगेच डिपवाल्यांचं फावलं. त्या नियमांत काही पेशांच्या पहिल्याच लेव्हलला काटकपणाचे २ गुण मिळत आणि ते एकमेकांत मिळवले जात. फायटर, बार्बेरियन, रेंजर अशी प्रत्येकी एक लेव्हल घेतली की ६. प्रामाणिकपणे फायटर ३ झालेल्याला ३. तीन दुकानांतून उद्घाटनाची सूट उचलून आणावी तसं! उलट मंत्रवाल्यांचे हाल. विझार्ड ५ क्लेरिक ५ हा दहाव्या लेव्हलचा माणूस तिसऱ्या प्रतीच्या मंत्रांवर अडकलेला आणि सोबती पाचव्या प्रतीवर. शेवटी दोन्हीकडचे मंत्र एकदम वाढवणारा 'मिस्टिक थिअर्ज' नावाचा खास पेशा ठिगळासारखा लावावा लागला. २००८ ची चौथी आवृत्ती इतकी घाबरली की दुसऱ्या पेशाची तिनं फक्त चव दिली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

२०१४ च्या नियमांनी या सगळ्यातून शिकून निरनिराळ्या गोष्टींना निरनिराळी कुलपं लावली, आणि मला ही कारागिरी आवडते. दारावरच अट: दोन्ही पेशांच्या मुख्य गुणात १३ हवेत. म्हणजे मठ्ठ पैलवान विझार्ड होऊ शकत नाही. तरबेजपणाचा आकडा एकूण लेव्हलवरून ठरतो, त्यामुळे दोनपेशी माणूस निशाण्यात मागे पडत नाही. मात्र पाचव्या लेव्हलचा तो दुसरा वार फायटरकडून घेतला आणि पॅलडिनकडूनही घेतला तरी तीन वार होत नाहीत, दोनच राहतात.

सगळ्यात सुबक कुलूप मंत्रांचं. स्लॉट म्हणजे भांडी आणि मंत्र म्हणजे त्यात शिजवायचा पदार्थ असं समजा. भांड्यांचा हिशेब बहुतेक मंत्रवाले पेशे एकत्र करून होतो. विझार्ड आणि क्लेरिकच्या लेव्हल पूर्ण धरायच्या, पॅलडिन आणि रेंजरच्या निम्म्या. पदार्थ मात्र प्रत्येक पेशात तुम्ही जेवढे शिकलात तेवढेच. विझार्ड ५ क्लेरिक ५ कडे दहाव्या लेव्हलची भांडी आहेत, पाचव्या प्रतीचीसुद्धा दोन. पण शिजवणार तिसऱ्या प्रतीचंच. फायरबॉल पाचव्या प्रतीच्या भांड्यात टाकला तर ८ ऐवजी १० फासे, सरासरी २८ ची ३५. उपाशी राहिला नाही, पण पंगतीत मागे बसला. तिसऱ्या आवृत्तीनं ज्याला मारलं होतं त्याला यांनी एवढं जगवलं.

याचा एक मजेदार उपयोग. आपला राक्षस या खेळाच्या १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये जाऊन बसला आहे, वाघाचं डोकं आणि तोंडात पाइप. २०१४ च्या नियमांत सहाव्या प्रतीपर्यंतचा कोणताही मंत्र त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला लागत नाही. विझार्ड ७ क्लेरिक ७ मंत्र शिकलाय चौथ्या प्रतीपर्यंतचेच, पण चौदाव्या लेव्हलचं एक सातव्या प्रतीचं भांडं त्याच्याकडे असतं. त्यात टाकलेला फायरबॉल सातव्या प्रतीचा धरला जातो आणि राक्षसाला भाजतो. दिवसातून एकदा, पण भाजतो.

एक भोक मात्र राहिलं. कॅन्ट्रिप, म्हणजे फुकटचे मंत्र, एकूण लेव्हलनुसार वाढतात. वॉरलॉक पेशाच्या एल्ड्रिच ब्लास्ट या कॅन्ट्रिपचे अकराव्या लेव्हलला तीन झोत होतात, मग त्यातल्या वॉरलॉकच्या लेव्हल दोनच का असेनात. दोन लेव्हलमध्ये प्रत्येक झोताला करिष्म्याचे ५ गुण जोडायची सोयही मिळते. बाकी नऊ लेव्हल सॉर्सररच्या घेतल्या की दर पाळीला तिन्ही झोत लागले तर सरासरी ३१.५ इजा, आणि वर पाचव्या प्रतीचे मंत्र. फायटरला तिसरा वार मिळायला अकराच्या अकरा लेव्हल फायटरकी करावी लागते. त्याला कुलूप आहे, याला नाही. आमच्या टेबलावर झोतांची संख्या वॉरलॉकच्या लेव्हलवरून मोजायची असा घरचा नियम मी केला. २०२४ च्या सुधारित पुस्तकानं दुसरी बाजू सावरली आहे: प्रत्येक पेशाचा उपपेशा आता तिसऱ्या लेव्हलला मिळतो, आधी क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉकला तो पहिल्याच लेव्हलला मिळे. एका लेव्हलच्या डिपमध्ये आता पूर्वीइतकं हाती लागत नाही.

पुढच्या रविवारी मी भाच्यासमोर वही उघडली. नाही म्हटलं नाही. म्हटलं, अजून दोन लेव्हल फायटरच्या घे, दुसरा वार पदरात पाड, मग विझार्ड हो, आणि मंत्र असे निवड जे तुझ्या मित्राकडे नाहीत किंवा तो स्वतःवर वाया घालवतो. चढ चढून मग वळलं तर उशीर जाणवत नाही, कारण फायटरच्या सहाव्या ते दहाव्या लेव्हलमध्ये तसंही फार काही ठेवलेलं नाही. त्यानं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

पावसाळ्यात आमची मोहीम देवगडच्या किल्ल्यात पोचली. नकाशा मीच काढलेला, खऱ्या किल्ल्याशी त्याचा संबंध नावापुरता. अरुंद जिना, खालून वर येणारे वीसेक गॉब्लिन. भाचा एव्हाना फायटर ५ विझार्ड १. तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. चिलखताचा बचाव १६, एक बाण लागणार असं दिसताच शील्ड, २१. बाण गेला. पुढच्या पाळीला दोन वार, दोन गॉब्लिन आडवे. मग पुन्हा शील्ड. दोन्ही स्लॉट संपले आणि खालचे सगळे त्याच्याभोवती दाटले.

"आता?" मी विचारलं.

मित्राचा विझार्ड सहाव्या लेव्हलचा, इव्होकेशन शिकलेला. त्या शाखेचा विझार्ड स्वतःच्या आगीतून हव्या त्या सोबत्याला वगळू शकतो. त्यानं आठ फासे उचलून हातात खुळखुळवले.

"हलू नको तिथून," तो भाच्याला म्हणाला, आणि फायरबॉल बरोबर त्याच्या डोक्यावर टाकला. बेरीज ३१. गॉब्लिनचे प्राण सात-सात. जिना रिकामा झाला, मधोमध भाचा उभा, मिशीसुद्धा जळली नाही.

"हे येते का बे तुले?"

"नाही," भाचा म्हणाला, आणि जिना उतरायला लागला.